ग्रिलपासून लांबचं टेबल

तीन कोटेशनं घेतल्याशिवाय आमच्या ऑफिसात साधं स्टूलसुद्धा विकत घेता येत नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत तीस वर्षं काढलेल्या बाईने लेकीला जेवायला कुठे न्यायचं हेही त्याच पद्धतीने ठरवावं, यात नवल नाही. मी चक्क वहीत तीन रकाने पाडले होते.

लेक सिंगापूरला असते. कंपनीच्या कामासाठी तीन दिवस गुरुग्रामला येणार होती, उतरणार होती कंपनीच्याच हॉटेलात. फोनवर म्हणाली, "आई, शनिवारी संध्याकाळी मी फ्री आहे. रात्री फ्लाइट आहे, पण त्याआधी कुठेतरी छान डिनरला जाऊ. बिल्कुल स्पेशल. तूच ठरव." घरी ये, असं म्हणायचा मला धीर झाला नाही. तिचे बाबा गेले त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून आर. के. पुरमच्या आमच्या क्वार्टरमध्ये ती आली की दुसऱ्याच दिवशी तिला काहीतरी काम निघतं.

पहिल्या रकान्यात करोल बागेतलं जुनं हॉटेल होतं. माझ्या आणि यांच्या प्रत्येक प्रमोशनला आम्ही तिथे जायचो. ते खोडलं, कारण तिथे गेलं असतं तर तिसरी खुर्ची सारखी दिसत राहिली असती. दुसऱ्या रकान्यात एका मॉलमधलं चिनी-जपानी काहीतरी होतं, तिथे काड्यांनी खाताना माझी फजिती झाली असती. तिसरं होतं गुरुग्राममधलं स्पॅनिश धाटणीचं स्टेकहाउस. त्याचा मेन्यू मी फोनवर इतक्या वेळा वाचला की ऑफिसातली मोठी नोटशीटसुद्धा तितक्या वेळा वाचली नसेल. बटाट्याच्या फोडींना तिखट सॉस, लसणात परतलेली कोळंबी, केशराचा भात, आणि निखाऱ्यांवर भाजलेल्या मांसाचे हे एवढे मोठे तुकडे. बटाटे आणि कोळंबी तर आपलीच, म्हटलं. स्पेन काही फार लांब नाही.

पण निवडलं ते मेन्यूमुळे नाही, फोटोमुळे. फोटोत रस्त्याकडे तोंड केलेली अख्खी काचेची भिंत होती आणि तिच्या शेजारीच उघडं स्वयंपाकघर. ज्वाळा, धूर, मांस, सगळं येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं.

आमच्या घरी मटण शिजायचं ते खिडक्या बंद करून. आम्ही विदर्भातले, बौद्ध. सरकारी कॉलनीत घर सरकार देतं, त्यामुळे नाही कोणी म्हणू शकलं नाही. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीवरून आम्ही कोण ते सगळ्यांना कळतच होतं. निदान काय खातो ते कळू नये, अशी माझी जिद्द. रविवारी कुकर लावायच्या आधी मी स्वयंपाकघराची खिडकी लावायची, दाराच्या फटीत जुनी चादर सारायची आणि बाहेरच्या खोलीत दोन उदबत्त्या लावायची. कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "हम तो वेज हैं." हे हसायचे. म्हणायचे, "रिटायर झालो की एखाद्या मोठ्या हॉटेलात जाऊ आणि खिडकीजवळ बसून खाऊ. बघू दे दुनियेला." रिटायर व्हायच्या आधीच ते गेले.

लेक आठ वर्षांची असताना घरी वांगं-सुकट केलं होतं. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या आंटी भेटल्या आणि त्यांनी सहज विचारलं, "आज क्या बना है, गुड़िया?" ती आनंदाने म्हणाली, "सूखी मछली!" मी मागेच होते. मी तिच्या थोबाडीत मारली आणि आंटींना हसून म्हणाले, "झूठ बोलती है. बहुत झूठ बोलने लगी है आजकल."

पोर रडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. ते बघणं अजून माझ्या पाठीवर आहे. त्यानंतर ती मला काही सांगेनाशी झाली. शाळेतलं नाही, कॉलेजातलं नाही, नोकरीतलं तर नाहीच. सगळं बाबांना. आणि बाबांकडून मला. ते गेल्यावर ती वाटच बंद झाली.

म्हणून ते काचेचं हॉटेल. तिथे उजेडात बसून, तिच्यासमोर मांस मागवून मी तिला म्हणणार होते, "त्या दिवशी तू खरं बोलली होतीस. खोटं मी बोलले." एवढंच. हौज़ ख़ासला मेट्रो बदलताना मी ते वाक्य ओठातल्या ओठात दोनदा म्हणून पाहिलं. समोरची मुलगी जरा बाजूला सरकली.

लेक दारातच उभी होती. बारीक झाली होती. मिठी मारून म्हणाली, "वा, आई! तू आणि स्टेकहाउस?" मला फार बरं वाटलं. आत काचेची भिंत होती, ज्वाळा होत्या, सगळं फोटोतल्यासारखं होतं. काळ्या कोटातला मॅनेजर आम्हाला त्या सगळ्यापासून दूर, अगदी मागच्या कोपऱ्यात घेऊन गेला. तिथे खिडकी नव्हती. समोर त्याने हिरव्या काठाचं एक पातळसं मेन्यूकार्ड ठेवलं.

"हमें वहाँ बैठना था, शीशे के पास," मी म्हणाले.

तो अदबीने म्हणाला, "मैम, आपकी बुकिंग में प्योर वेज लिखा है. इसलिए ग्रिल से दूर वाली टेबल रखी है. किचन को भी बता दिया है, आपका सब अलग बर्तनों में बनेगा."

बुकिंगचा फॉर्म मी ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत भरला होता. शेजारच्या टेबलावरच्या मॅडम डबा उघडत उघडत माझ्या स्क्रीनकडे बघत होत्या. 'खाण्याचं काही पथ्य?' असा एक रकाना होता आणि माझ्या बोटांनी तो भरून टाकला होता. मला आठवतसुद्धा नव्हतं. स्टेकहाउसमध्ये प्योर वेज टेबल बुक करणारी बाई अख्ख्या दिल्लीत मी एकटीच असेन.

लेकीने कार्ड पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तेच जिन्यातलं बघणं.

"नहीं, वो ग़लती से..." मी म्हणाले. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब होतं, त्यांच्याकडे माझी नजर गेली आणि आवाज आपोआप खाली आला. "हम नॉन-वेज खाते हैं."

"जी, मैम?" त्याला ऐकू गेलं नव्हतं.

लेकीने मान वर केली आणि स्वच्छ, मोठ्या आवाजात सांगितलं, "मम्मी नॉन-वेज खाती हैं. मैं नहीं खाती."

तो दुसरं कार्ड आणायला गेला. मी म्हणाले, "कधीपासून?"

"सहा वर्षं झाली."

"बाबांना माहीत होतं?"

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाली असतीस, बरं झालं, आता खोटं बोलायला नको." ती हसली, पण ते हसणं माझ्यासाठी नव्हतं. "आणि त्यात काही फिलॉसफी नाही गं. तिकडे माझ्या फ्लॅटमध्ये मी एकटी असायचे, तरी चिकन करताना आधी खिडकी लावायचे. खाताना दाराकडे बघायचे. मग कंटाळा आला यार. सोडूनच दिलं."

माझ्या बोटांनी लिहिलेलं खोटं तिच्यापुरतं सहा वर्षांपासून खरं होतं आणि तिची आई असून मला त्याचा पत्ता नव्हता. जगात माझं एकच माणूस उरलं होतं. ते रोज काय जेवतं हेही मला ठाऊक नव्हतं.

स्टेक आला तो फोटोतल्यापेक्षाही मोठा. तिच्यापुढे भाजलेल्या मिरच्या आणि बटाटे. मी सुरीने कापत राहिले. चव चांगली असणार, मला कळली नाही. मग मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. "त्या दिवशी, जिन्यात, तू खरं बोलली होतीस. खोटं मी..."

"आई, प्लीज." तिने काटा खाली ठेवला. डोळे भरले होते. "मला माहीत आहे मी खरं बोलले होते. मला कशाला सांगतेस? आंटीला सांग. ऑफिसात सांग. तिथे तुझ्या शेजारी बसणाऱ्यांना सांग." मग हळू आवाजात म्हणाली, "एकदा तरी सांग कोणाला."

"सांगेन," मी म्हणाले. मनापासून म्हणाले.

उरलेलं अर्धं मांस तिनेच पॅक करून घेतलं आणि पिशवी माझ्या हातात दिली. "उद्या गरम करून खा. खिडकी उघडी ठेवून," असं म्हणून तिने मला घट्ट धरलं आणि टॅक्सीत बसली. टॅक्सी वळेपर्यंत मी हात हलवत होते. तिने मागे पाहिलं की नाही, ते काळ्या काचेतून दिसलं नाही.

परतीच्या मेट्रोत लेडीज़ डब्यात मला कशीबशी अर्धी जागा मिळाली. पिशवी मांडीवर घेतली. अजून कोमट होती, लसणाचा आणि निखाऱ्याचा वास सुटला होता. शेजारी माझ्याच वयाची एक बाई होती, गळ्यात तुळशीची माळ, चेहरा मायाळू. तिने खोल श्वास घेतला आणि कौतुकाने पिशवीकडे बोट केलं.

"बड़ी अच्छी ख़ुशबू आ रही है, बहनजी. क्या है?"

मी तिच्याकडे पाहिलं. 'एकदा तरी सांग कोणाला' हे लेकीचे शब्द कानात ताजे होते. या बाईचं माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं. दोन स्टेशनांनंतर ती मला जन्मात भेटणार नव्हती.

"पनीर है," मी म्हणाले.

तिने हसून मान डोलावली आणि सरकून मला नीट बसायला जागा करून दिली.