कामशेतला उतरलेली मुलगी

तळेगावच्या आमच्या सोसायटीतली मंडळी मुलाबाळांना घेऊन नाताळच्या सुट्टीत लोकलने लोणावळ्याला निघाली होती. डब्यात फुगे लावले होते आणि कापसाची दाढी लावून सांता मी झालो होतो. माझ्या पाच वर्षांच्या मुलीला हे ठाऊक नव्हतं. बाबा लोणावळ्यात भेटणार, असं आम्ही तिला सांगितलं होतं.

कामशेत सुटल्यावर बायको धाकट्याला कडेवर घेऊन माझ्यापाशी आली. "ती तुझ्या मागेमागे होती ना?"

मला वाटत होतं, ती आईजवळ आहे. आम्ही सगळा डबा शोधला, बाकांखाली वाकून पाहिलं. दाराशी उभा असलेला एक जण म्हणाला, "लाल फ्रॉकवाली? ती कामशेतला उतरली की, एका बाईंच्या मागं. मला वाटलं, त्यांचीच आहे."

मळवलीला गाडी थांबतेय न थांबतेय तोच मी उतरलो. रिक्षावाला माझ्या वेशाकडे बघून हसला, पण माझा आवाज ऐकल्यावर त्याने लगेच रिक्षा कामशेतकडे वळवली. जुन्या हायवेवर पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागली होती. बायकोचा सारखा फोन येत होता. प्रत्येक वेळी मी "अजून नाही" एवढंच म्हणत होतो. रुळांचा विचार डोक्यातून जात नव्हता.

ती फलाटावरच्या बाकावर होती. शेजारी बसलेल्या मावशींनी तिचा हात घट्ट धरला होता. त्यांची साडी हिरवी होती, माझ्या बायकोसारखीच. मला धावत येताना बघून मुलगी त्यांच्या पदराआड गेली.

"कोन तुमी?" मावशी उभ्या राहिल्या.

"हिचा बाप."

"व्हय का गं?"

मुलीने मान हलवली. नाही.

"पोर न्हाई म्हनतीय. हितंच थांबा. पोलीस येतोय."

दाढीची दोरी कानात अडकली होती. मी ती ओढून तोडली, टोपी काढली. मुलगी बघतच राहिली, मग रडायला लागली, पण जागची हलली नाही. मावशींनीही हात सोडला नाही.

"आईला फोन लावा हिच्या."

आईचा आवाज ऐकल्यावर मुलगी हुंदके देत म्हणाली, "आई, सांता बाबाच आहेत." तेव्हा कुठे मावशींनी तिचा हात माझ्या हातात दिला.

पुढच्या लोकलने आम्ही लोणावळ्याला गेलो. सबंध वाटेत ती माझ्या शेजारी बसली नाही. समोरच्या बाकावरून माझ्या तोंडाकडे बघत राहिली.