गणपतरावांनी उघडलेली खोळ

बीडच्या कचेरीची पायरी चढत होतो, तेव्हा धारूरहून आलेल्या एका पक्षकाराने सांगितलं, "गणपतराव वकील गेले जी. परवाच माती झाली." मी तसाच आत गेलो, पुढची तारीख मागून घेतली आणि वकिलांच्या खोलीत नुसता बसून राहिलो... त्याला महिना झाला. राग अजून गेलेला नाही. तो त्यांच्यावर नाही, माझ्यावर आहे.

हा राग ज्या खटल्याचा, त्यात गणपतराव निजाम सरकारचे वकील होते आणि मी आरोपीचा. बालाघाटातल्या बिरू धनगरावर खुनाचा आरोप होता. चराईवरून ज्याच्याशी त्याचं भांडण झालं, तो शेतकरी दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडीने तोडलेला सापडला, आणि बिरूच्या पालात रक्ताने माखलेली घोंगडी. डोळ्यांनी पाहणारा कोणी नव्हता. सारा खटला त्या घोंगडीवर उभा. बिरू कोठडीत हात जोडून सांगायचा, "कोकराचं रगत हाय, सायेब. मेंढी रानात व्याली, मी घोंगडीच्या खोळीत घालून आनलं." मी म्हणायचो, "पकडलेला प्रत्येक जण असंच काहीतरी सांगतो रे," आणि त्याच्या भावाची साक्ष घासूनपुसून तयार करत बसायचो.

आता खरं सांगतो. मुद्देमाल तपासायची मला पूर्ण मुभा होती. मी त्या घोंगडीला हातसुद्धा लावला नाही. रक्ताची वस्तू, विटाळ होईल, पुन्हा अंघोळ करावी लागेल... एका माणसाच्या मानेपेक्षा मला माझं सोवळं मोठं वाटलं. लाज वाटते लिहिताना.

भावाच्या साक्षीच्या गणपतरावांनी उलटतपासणीत पार चिंध्या केल्या. शेवटच्या भाषणाला ते उठले तेव्हा फाशी समोर दिसत होती. बिरूने जबाबात खोळीचं सांगितलं होतं, ते आम्ही सगळ्यांनीच ऐकून सोडलं होतं. गणपतरावांनी मात्र कोर्टाच्या पेशकाराकडून घोंगडी मागून घेतली आणि मेजावर पसरली. कुबट वास सुटला. बराच वेळ ते नुसते चाचपत राहिले. जज्जसाहेबांनी वैतागून उर्दूत विचारलं, काय शोधता आहात? पंचनामा करणारा दारोगा दोन पावलं पुढे आला. गणपतराव कुणब्याच्या घरातले, दरसाल त्यांच्या शेतात धनगरांची मेंढरं खतासाठी बसायची. त्यांनी टाके घालून खोळ केलेला कोपरा उलटा केला. आत लोकरीला कोकराची वाळकी नाळ चिकटलेली होती. पंचनाम्यात खोळीचा उल्लेखच नव्हता.

"हे सगळं रक्त कोकराचंच आहे, असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "पण माणसाचंच आहे, असंही मला आता म्हणता येत नाही."

बिरू सुटला. गणपतरावांची सरकारी वकिली त्याच महिन्यात गेली.

पुढे एकदा मी चिडूनच त्यांना म्हणालो, "भल्या माणसा, मला एकट्याला सांगितलं असतंत, तर मीच ती खोळ उघडून दाखवली असती. तुमची जागा तरी राहिली असती."

ते सुपारी कातरत होते. वर न बघता म्हणाले, "पंत, तुमी हात लावला असता का?"

आता कोणताही मुद्देमाल आला की मी तो स्वतः हातात घेतो, उलटा करून बघतो. घरी गेल्यावर अंघोळ मात्र अजून करतो. तेवढं काही सुटलं नाही.