पूजेपुरती फुलं

फुलं मी तोडली. हो, तोडली, आणि अजूनही त्यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. पुण्यात सकाळी फिरायला निघालेली माझ्या वयाची कुठली बाई पिशवीशिवाय दिसते, सांगा. कुंपणाबाहेर डोकावणारी जास्वंद आम्ही देवाचीच धरतो.

पण मी राहते सिंगापूरला, मुला-सुनेकडे आणि नातीसोबत, पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये. आमचे हे गेल्यावर पुण्याचं घर विकून आले. इथे बिल्डिंगखाली झाडं फुलांनी लगडलेली, आणि हात म्हणून लावायचा नाही, लावला तर दंड. एकदा शेजारणीच्या कुंडीतला थोडा मोगरा घेतला, तर मुलाने संध्याकाळभर तोंड सोडलं. तेव्हापासून माझे देव लिटल इंडियातल्या शिळ्या हारावर. तेही मी निमूट गिळलं, कारण मला इथेच राहायचं होतं. परत जायचं तर कुणाच्या दारात जायचं?

मे महिन्यात सुनेने टूम काढली, आईंना कोरिया दाखवू. मला कोण आनंद. म्हटलं, चला, घरातलं माणूस म्हणून धरतात तर.

तिथे एक रात्र जुन्या पद्धतीच्या घरात राहिलो. हानोक म्हणतात. कौलारू छप्पर, लाकडी ओसरी, कागद लावलेली सरकती दारं, आणि झोपायचं जमिनीवर गादी घालून. "तुला उठता येणारे का?" मुलाने आल्या आल्या विचारलं. पण त्या जमिनीला खालून ऊब असते. माझे गुडघे असे काही सुखावले, की सकाळी सगळ्यांच्या आधी उठून, अंघोळ करून मी अंगणात आले.

अंगणात छोटीशी बाग होती. एका झुडपावर मुठीएवढाली गुलाबी फुलं, दवाने खाली वाकलेली. इतक्या दिवसांत ताजं फूल हातात आलं नव्हतं. इथे कोण दंड करायला बसलंय, म्हटलं, आणि ओंजळ भरून घेतली. एक झाडावर ठेवलं. तेवढी रीत मला कळते. ओसरीवर रुमाल अंथरला, डबीतला बाळकृष्ण मांडला आणि त्याला पार फुलांनी झाकून टाकलं.

घरमालकीण बाहेर आली. माझ्याच वयाची असेल. मोडलेल्या देठांवरून तिने बोट फिरवलं. तेवढ्यात सून उठून आली. फोनवर भाषांतर करून तिच्याशी काहीतरी बोलली आणि सुनेचा चेहरा पडला. ते झुडूप वर्षातून एकदाच फुलतं, जेमतेम आठवडाभर. त्या बाईच्या गेलेल्या नवऱ्याने लावलेलं.

मी त्या बाईकडे जाणारच होते. पण मुलगा आडवा आला.

"वाक," तो म्हणाला. "इथे वाकून माफी मागतात."

"अरे, मागते ना. गुडघे धरलेत, जरा सावकाश."

"फुलं तोडताना बरे होते गुडघे."

आणि पाठीवर पंजा ठेवून त्याने मला खाली दाबलं. सुनेसमोर, नातीसमोर, त्या परक्या बाईसमोर. नात तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजी, कान्ट लाइक दॅट लाह," म्हणजे असं करायचं नसतं. शेवटी त्या बाईनेच माझा दंड धरून मला सरळ उभं केलं. मुलगा तिच्यापुढे वाकतच राहिला. मला त्याची शिसारी आली. पोटच्या पोराची येते, खोटं कशाला सांगू.

पासिर रिसला आल्यावर त्याने जेवणाच्या टेबलावर माझ्यापुढे फोन सरकवला. तळेगावच्या बाजूचा वृद्धाश्रम. स्वच्छ खोल्या, मागे डोंगर, पुढे बाग.

"तुझं इथे जमत नाहीये, आई. कोरियात बघितलंच आपण."

सून ताटाकडे बघत होती. रडायचं नाही, असं मी ठरवलं. म्हटलं, कुठे बोचतंय ते यालाही कळू दे.

"बाग छान आहे," मी म्हणाले. "फुलं तोडू देतात का, ते विचारलंस?"

"हो. पूजेपुरती तोडू देतात."

इतक्या पटकन उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं.

"कधी विचारलंस?"

तो सुनेकडे बघायला लागला. नातीनेच सांगून टाकलं, गेल्या दिवाळीतच बाबाने तिथे व्हिडिओ कॉल केला होता, तिनेही ती बाग बघितली होती.

दिवाळीत मी याच टेबलाशी बसून त्यांच्यासाठी चकल्या पाडत होते.