शालीन म्हणजे किती इंच

"पोट सोड बाय. टेपाशी खोटं बोलू नये," असं ती प्रत्येकीला म्हणायची. माप देताना आपण सगळ्याच श्वास आत ओढतो. तो सुटेपर्यंत ती टेप धरून दाराबाहेर बघत उभी राहायची. घाई नाही.

वारूळवाडीच्या पुढं आमचं गाव. ही तिथली शिलाईवाली. तिचं दुकान ग्रामपंचायतीसमोर आणि पंचायतीत संगणकावर मी, त्यामुळं दिवसभर ती माझ्या नजरेत. टेप गळ्यात घालूनच लग्नाला जायची, दशक्रियेलासुद्धा. पंगतीत शेजारच्याला सांगायची, "पावणं, तुमचा डावा खांदा खाली हाय. शर्ट विकत घेऊ नका, शिवून घ्या." पाहुणा जेवण होईस्तोवर खांदा उचलून बसायचा.

भांडण, निवडणूक, चहाडी, कशातच तिचं तोंड नसायचं. म्हणून पुढचं मला अजून नवल वाटतं. तुम्हाला उलगडलं तर बघा.

मागल्या उन्हाळ्यात क्लासवरून येताना गावातल्या एका मुलीवर अत्याचार झाला. माणूस पकडला गेला. पण गावात बोलणं त्याचं नव्हतं. पारावर, डेअरीवर एकच, कपडे कसले होते? मग ठराव आणायचं ठरलं. सरपंच सांगत होते, मी टाइप करत होते. "मुलींनी नीट कपडे घालावेत." मी म्हटलं, "भाऊ, ठरावात 'शालीन' शोभेल." आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, शब्दांना काय तोटा. सरपंच खूश झाले. मीही.

ग्रामसभेत ठराव वाचून झाला आणि ती उठली.

"भाऊ, शालीन म्हंजे किती इंच?"

लोक हसले. सरपंच म्हणाले, "मावशी, तुमाला काय येगळं सांगायचं?"

"मला शिवायचं हाय. इंचात सांगा. त्या पोरीचा ड्रेस मीच शिवला व्हता. गुडघ्याखाली सहा इंच, बाही कोपराखाली, गळा बंद. ह्यात शालीन कुठं कमी पडलं?"

शाळा समितीचे अध्यक्ष मागून म्हणाले, "युनिफॉर्मचं काम तुमच्याकडं हाय, मावशी. ध्यानात ठेवा."

"लई ध्यानात हाय. म्हणूनच माप इचारते."

सरपंचांनी माझ्याकडं पाहिलं. शब्द मी दिला होता, माप माझ्याकडं नव्हतं. 'ठराव पुढील सभेत' असं लिहून मी वही मिटली. ती पुढील सभा काही आली नाही.

दुसऱ्या सकाळी दुकानाच्या दारावर तसाच ड्रेस टांगलेला. खाली पुठ्ठा, 'हा मी शिवला. चूक दाखवा.'

मी धावत गेले. "अहो, मुलीला विचारलंत का?"

"कापड तिनंच आणून दिलं," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवू लागली.

रोज सकाळी ड्रेस बाहेर, अंधार पडला की आत. मग पायरीवर बायका येऊन बसू लागल्या. पहिल्यांदा मुलीची आई, मग डेअरीवरच्या. घोषणा नाहीत, काही नाही. भाजी निवडत बसायच्या. पारावरून कुणी कपड्यांचा विषय काढला की एकजण म्हणायची, "या की भाऊ, टेप हाय इथं." कुणी यायचं नाही. हळूहळू तो विषयही यायचा थांबला.

जूनमध्ये युनिफॉर्मचं काम दुसरीकडं गेलं. दिवाळीनंतर मशीन पिकअपमध्ये चढवून पेठला बहिणीकडं निघाली.

"गावाचा राग आला?" मी विचारलं.

"राग कसला. पेठंला पण पोरी उंच व्हत्यातच की."

दुकानाचं हिरवं दार उन्हानं पार फिकं पडलंय. ड्रेसनं झाकलेला तेवढा रंग मात्र गडद राहिलाय, बाह्यांसकट. जाणारा येणारा बघतोच. दुकान आता एका मोबाईल दुरुस्तीवाल्यानं घेतलंय. परवा तो पंचायतीत येऊन बसला.

"ताई, दाराला रंग देऊ का?"

"दुकान तुमचं, दार तुमचं. त्याला पंचायतीची परवानगी लागत नाही."

"ते माहितीय," तो म्हणाला. पण उठला नाही.