लाल आकडा

मी पोहोचले तेव्हा दोन ब्रॅकेट रस्त्यावर पडले होते आणि सुतार तिसऱ्याच्या मागे पहार घालत होता.

ब्रॅकेट म्हणजे वरची बाल्कनी पेलणारा लाकडी हात. नामदेवमामांच्या घोंगड्यांच्या दुकानावर सागवानाचे तीन होते, पोपट कोरलेले. जुन्या जालन्यात असं काम आता कुठं उरलंय? त्यासाठीच वारसा जपणाऱ्या आमच्या संस्थेने हे दुकान हेरिटेज वॉकमध्ये घेतलं होतं. सेल्फ-गाइडेड वॉक म्हणजे गाइड नाही. भिंतीवरचा आकडा बघायचा, मोबाइलवर त्या आकड्याची माहिती वाचायची, पुढच्या आकड्याकडे चालायचं. आकडे आदल्या दिवशीच पेंटरने टाकले होते. लाल रंगात.

"मामा, हे काय चाललंय? थांबवा आधी."

"लाल आकडा पडलाय. मंग जेसीबी येणार न्हाई का? लाकूड तरी वाचवून राह्यलो."

"तो आमचा आकडा आहे. लोक दुकान बघायला येतील म्हणून टाकलाय."

"मागच्या गल्लीत बी बघायलाच आल्ते, ताई. बघून, लाल आकडे टाकून गेले अन् रुंदीकरण झालं."

तेवढ्यात काड्‌कन आवाज झाला. तिसऱ्याचं खाचेत बसणारं टोक भिंतीतच राहिलं. सुतार पहार हातात धरून आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

मी तिथूनच आमच्या सरांना पुण्याला फोन लावला.

"सर, इथे लाल आकड्याचा अर्थ 'पाडायचं' असा होतो. रंग बदला."

"अगं, लाल लांबून दिसतो. डिझाइन अप्रूव्ह झालंय. तू लोकांना नीट समजावून सांग."

"काय सांगू? आकडा तसाच, रंग तोच, फक्त आमचा जेसीबी येणार नाही?"

सर म्हणाले, टोन सांभाळ. मी फोन ठेवला आणि थिनर आणायला गेले.

आजवर पत्रकं वाटत या गल्ल्यांमधून खूप हिंडले. वारसा जपा, वारसा जपा. ज्यांच्या घरात तो वारसा आहे त्यांना मात्र भिंतीवर ब्रश टेकवण्याआधी कोणी विचारत नाही. पाडणारे विचारत नाहीत, जपणारेही नाहीत. याची मला चीड येते.

मी चिंधी घेऊन आकडा घासायला लागले. मामा शेजारी येऊन उभे राहिले.

"पुसल्यावर रद्द होतं का हे?"

"हो मामा."

"मंग मागच्या गल्लीवाल्यांना का न्हाई सांगितलं? त्यांनी बी पुसलं असतं."

मी घासत राहिले.

दोन ब्रॅकेट सुताराने परत बसवले. तिसऱ्याचं टोक जोडता येईना, म्हणून त्या जागी लोखंडी अँगल आला. बाकीच्या घरांवरचे आकडेही मी पुसून काढले. आता वॉकला आकडेच नाहीत. मोबाइलवर लिहिलंय : घोंगडीवाल्या मामांचं दुकान कोणालाही विचारा. सरांचं म्हणणं, मग सेल्फ-गाइडेड कसलं? पण लोक विचारत विचारत येतात, आणि मामा त्यांना आधी तो अँगलच दाखवतात.

दुसऱ्याच्या भिंतीवर लिहायचं असेल तर त्या भिंतीवर याआधी कोणी, काय लिहून गेलंय ते विचारून घ्यावं. निदान डिझाइन अप्रूव्ह व्हायच्या आधी.