ओळखीचा घोडा

"घोडा ओळखीचा दिसला म्हणून स्वारही ओळखीचा असेल असं समजू नका."

असाके हे वाक्य आमच्या कोचकोर गावात प्रत्येक घरी निदान दोनदा बोलले असतील, एकदा चहाआधी आणि एकदा चहानंतर. पूर्ण नाव असानकुल. आदरानं सगळे असाके म्हणत. सोव्हिएत राज्य होतं तोवर ते मेंढ्यांच्या सरकारी फार्मवर जनावरांचे डॉक्टर होते. राज्य गेलं, फार्म मोडला, मेंढ्या घरोघरी वाटल्या गेल्या, आणि डॉक्टरांकडे फक्त औषधांची कातडी पिशवी उरली. मग गावात कॉम्प्युटर आले. कुणाच्या राजधानीत, बिश्केकला राहणाऱ्या भावानं कचेरीतला जुना पाठवला, कुणाला रशियात कामाला गेलेल्या मुलीनं. टेलिफोनच्या तारेवरून पत्रं येऊ लागली, आणि पत्रांच्या मागोमाग कॉम्प्युटरचा रोग आला.

रोगाला आमच्यासारखं गाव शोधून सापडलं नसतं. दाराशी आलेल्या माणसाला नानचा तुकडा तोंडात घालायला लावल्याशिवाय आम्ही परत पाठवत नाही. आलेलं पत्र न उघडता ठेवणं म्हणजे पाहुण्याला बर्फात उभं करणं. शाळेच्या मुख्याध्यापिका कलिपाबाईंना एकदा अनोळखी पत्त्यावरून आमंत्रण आलं. आमच्यात सात पिढ्यांचे भाऊबंद मोजतात. सगळ्यांची नावं कुणाला आठवणार? आमंत्रण आलं आणि बाईंनी उघडलंसुद्धा नाही, असं उद्या कुणी बोललं तर? बाईंनी उघडलं. आत काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच आमंत्रण बाईंच्या नावानं अर्ध्या गावाला गेलं, आणि मुख्याध्यापिका बोलावतात म्हटल्यावर अर्ध्या गावानं ते उघडलं. दोन घरची माणसं तर नवे कपडे घालून, मेंढी घेऊन बाईंच्या अंगणात हजर झाली. बाईंना ती कापावी लागली.

लोकांनी आपापल्या परीनं इलाज केले. कुणी पडद्यावर दृष्टीचा मणी टांगला. माझ्या बायकोनं आर्चा या डोंगरी झाडाच्या फांद्या पेटवून आमच्या कॉम्प्युटरला चारी बाजूंनी धूर दिला. त्याला काही झालं नाही, मला चार दिवस खोकला झाला.

मग असाके पिशवी घेऊन घरोघरी निघाले. आल्याबरोबर ते टेलिफोनची तार उपटत आणि तिला लाल चिंधी बांधत, फार्मवर साथीच्या कुरणाला बांधायचे तशी. "जनावर आजारी, तर कुरण बंद," ते म्हणत. लस बिश्केकहून यायची. मिनीबसचा ड्रायव्हर दर पंधरा दिवसांनी एक नवी तबकडी आणून देई, आणि असाके ती लोकरीत गुंडाळून ठेवत. "जुनी लस म्हणजे पाणी. रोग रोज नवा जन्मतो, आणि तुम्ही गेल्या वर्षीच्या लशीवर झोपा काढताय."

कामाआधी आणि कामानंतर ते हात धुवायचे. एकदा कुणीतरी हसून विचारलं, "असाके, यासाठी हात कशाला धुवायचे?"

"कॉम्प्युटरसाठी नाही रे. मला सवय आहे. तुला नाही, ते दिसतंच आहे."

त्यांचा सगळ्यात कडक नियम असा होता: पत्राला काही जोडलेलं असेल, तर पाठवणाऱ्याला आधी टेलिफोन करून विचारायचं, बाबा रे, हे तूच पाठवलंस का? मगच उघडायचं. गावानं नियम पाळला. पण टेलिफोनवर विचारता विचारता पत्रातलं सगळं बोलूनच व्हायचं, आणि मग पत्र उघडायचं कारणच उरत नसे. असाकेंनी पत्रांची अशी राखण केली की वर्षभरात गावात पत्रं वाचणं जवळजवळ थांबलं. रोगही थांबला, हे खरं.

ही विद्या त्यांच्याकडे कुठून आली, हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यांच्यासमोर कुणी बोलत नसे. त्यांचा एकुलता एक मुलगा मेलिस. त्याला जनावरांच्या डॉक्टरकीला घालायचं ठरलं होतं. तो कॉम्प्युटर शिकायला रशियात, येकातेरिनबुर्गला निघाला. "ज्याला नाडी नाही त्याची डॉक्टरकी करणार? मग या दारात येऊ नकोस," असाके म्हणाले. मुलगा गेला. जाताना रीतीप्रमाणे आईनं पुढे केलेल्या नानचा एक घास त्यानं घेतला, आणि उरलेला नान आईनं फडक्यात बांधून खिळ्याला टांगला. परत आल्यावर तो त्यानंच संपवायचा असतो. सहा वर्षं झाली. नान दगडासारखा झाला होता. दर रविवारी बुरुलचा, म्हणजे असाकेंची बायको, पोस्टात मुलाशी बोलायला जाई; परदेशी टेलिफोन तिथूनच लागे. असाकेही जात, आणि दाराबाहेर उभे राहून डोंगर बघत. एका शब्दाची बापलेक दोघंही वाट बघत होते, आणि तो दुसऱ्यानं आधी बोलावा असा दोघांचा हट्ट होता.

मेलिसचा जुना कॉम्प्युटर घरातच राहिला. दुसऱ्या हिवाळ्यात असाकेंनी त्याच्यावरची चादर काढली. धूळ पुसायला, असं ते म्हणाले. ती धूळ ते चार वर्षं पुसत होते.

एप्रिलमध्ये एका सकाळी मी त्यांच्याकडे नवी तबकडी मागायला गेलो, तर दोघं नवराबायको पडद्यासमोर उभी. पत्र आलं होतं. वर मेलिसचं नाव आणि खाली एकच ओळ: हा फोटो बघा.

"उघडा ना," बुरुलचा म्हणाली.

"त्यानं पाठवलेलं नाही ते. जोडलेल्या फायलीच्या नावाला दोन शेपट्या आहेत बघ. एक फोटोची, एक चोराची."

"सहा वर्षांनी लेकाचं नाव घरात आलं, आणि तुम्ही त्याच्या शेपट्या मोजा."

"घोडा ओळखीचा दिसला म्हणून..."

"घोडा कुणाच्या तबेल्यातला आहे, ते सांगा आधी."

असाके खुर्चीवर बसले. मग माझ्याकडे वळले. "हा रोग ज्या घरात शिरतो, तिथल्या पत्त्यांच्या वहीतले पत्ते घेतो आणि तेवढ्यांनाच पत्रं पाठवतो. मेलिसनं नवा कॉम्प्युटर कधी घेतला?"

"गेल्या वसंतात," बुरुलचा म्हणाली. "मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही डोंगर बघत होता."

"म्हणजे वही नवी," ते पुटपुटले. "नव्या वहीत आपोआप काही येत नाही. कुणीतरी लिहावं लागतं."

 मी म्हणालो, "असाके, नियम तुमचाच आहे. पाठवणाऱ्याला आधी विचारायचं."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मेंढी लाथ मारते तेव्हा बघत असतील. मग टोपी घातली आणि पोस्टाकडे निघाले, मागोमाग मीही.

पोस्टातल्या दोन नंबरच्या टेलिफोनच्या खोपटाचं दार लागत नाही, आणि तिथला टेलिफोन इतका मोठ्यानं बोलतो की पलीकडचंही रांगेला ऐकू येतं. त्या दिवशी रांगेतली माणसं पुढे सरकायलाही विसरली.

"मेलिस?"

"कोण?... बाबा?"

"पत्र तू पाठवलंस?"

"कुठलं पत्र? मी नाही पाठवलं."

"माहीत आहे. तुझ्या कॉम्प्युटरला रोग झालाय. आधी त्याची टेलिफोनची तार काढ."

खडखड झाली. "काढली."

"लस कधी टोचली होतीस?"

"टोचली नाही अजून. बाबा, मी दिवसभर लोकांचे दुरुस्त करतो, माझ्याकडे बघायला..."

"लोकांचे दुरुस्त करतो," असाके रांगेकडे बघून म्हणाले, जणू साक्षीदार हवे होते. मग आवाज खाली आला. "नव्या वहीत माझा पत्ता कुणी लिहिला?"

पलीकडे कुणी श्वास घेतला, तो आम्हाला ऐकू आला.

"मीच."

"मग पत्र का लिहिलं नाहीस?"

"तुम्ही उघडलं नसतं."

"नसतंच उघडलं," असाके म्हणाले. "आधी टेलिफोन केला असता."

 पुढचा पाऊण तास दोघं रोगाविषयीच बोलले: कुठलं बटण दाबायचं, काय पुसायचं, पडद्यावर काय दिसतंय. रांगेतल्या म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या, आणि आत असाके "पुन्हा दाब, गाढवा, पुन्हा दाब" म्हणत होते. शेवटी ते म्हणाले, "हे असं होणार नाही. जनावर डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी कधी इलाज केलेला नाही."

चौथ्या दिवशी ते निघाले. सकाळच्या मिनीबसनं बिश्केक, तिथून आगगाडी. कातडी पिशवी पुसून लखलखीत केलेली. बुरुलचानं खिळ्यावरचा दगडी नान उतरवून तिच्यात ठेवला, तेव्हा त्यांनी पिशवी उघडी धरून ठेवली. तिनं ताजा नान पुढे केला. त्यांनी एक घास घेतला, आणि उरलेला तिनं त्याच खिळ्याला टांगला.

"कॉम्प्युटरसाठी चाललोय," ते मला म्हणाले. "मुलगा घरी असला तर भेटेलच."

ते फाटकाबाहेर पडले आणि माझी नजर टेबलाकडे गेली. लोकरीत गुंडाळलेली तबकडी, नवी लस, तिथंच होती. मी ती उचलली आणि हाक मारायला तोंड उघडलं. बुरुलचानं माझ्या हातातून ती काढून घेतली.

"राहू दे, भाऊ. त्यांनी निघताना दोनदा बघितलीय ती."

आम्ही दोघं फाटकाला टेकून उभे राहिलो. चिनारांच्या रांगेतून असाके सावकाश, ताठ मानेनं, मोठ्या साथीवर निघालेल्या डॉक्टरसारखे चालले होते. कलिपाबाई शाळेच्या पायरीवर थांबून बघत होत्या. त्यांच्यामागून गेलेला बुरुलचाचा कुत्रा वळणापाशी परत फिरला, ते फिरले नाहीत.