कुलूपबंद नाताळ

यंदा आपल्या घरी एकही पाहुणा येऊ नये, अशी प्रार्थना मी नाताळाच्या आदल्या दिवशी गुडघे टेकून केली होती. देवानं ती ऐकली. (मान्य केली, असं मी म्हटलेलं नाही.)

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी तेव्हा कामरगावात शाळामास्तर होतो. गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकटंच. दिवाळीत सगळी गल्ली आम्हाला फराळ खाऊ घालायची आणि नाताळाला, म्हणजे गावाच्या भाषेत बड्या दिनाला, तोच फराळ सव्याज वसूल करायला यायची. आदल्या वर्षी माझ्या बायकोनं, सुशीलेनं, डबाभर करंज्या तळल्या आणि आमच्या पोरांच्या वाट्याला आला डब्याच्या तळाचा चुरा! आमची मार्था तो चुरा चाटत म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षी आपण बी पाहुणे होऊन आपल्याच घरी येऊ."

हे माझ्या काळजाला लागलं. मी ठरवलं, यंदाचा नाताळ फक्त आपल्या चौघांचा. निवांत! धावपळ नाही, चहाची आधणं नाहीत. पोरांशी खेळायचं, गाणी म्हणायची, मटण खायचं. त्यासाठी मी एक युक्ती काढली. शेजारचे शेषराव माझे जिवाभावाचे दोस्त. त्यांनी सकाळी आमच्या दाराला बाहेरून कुलूप लावायचं, मास्तर पोरांना घेऊन अनसिंग गावी गेले असं गल्लीत सांगायचं आणि दिवेलागणीला येऊन कुलूप काढायचं. आमच्या भाड्याच्या घराला दार एकच आणि मागच्या बाजूला फक्त उंचावर गजांची खिडकी, त्यामुळे बंदोबस्त एकदम पक्का.

सुशीलेनं कपाळाला हात लावला. "लोकायच्या घरी आवतन नसलं तरी जेवून येता, अन् आपल्या घराले कुलूप? अन् आग लागली त?"

"लागली तर शेषराव आहेत ना!"

शेषरावांनी कुलूप लावलं, किल्ली बंडीच्या खिशात टाकली आणि माझा नाताळ सुरू झाला.

पहिला तासभर काय वर्णावा! आवाज बाहेर जाऊ नये म्हणून सगळं कुजबुजत करायचं, असा मी नियमच केला होता. चार वर्षांचा आमचा दानू कुजबुजत नाताळाची गाणी म्हणत होता. मार्था त्याला कुजबुजत रागावत होती. कोणी विचारलंच तर काय सांगायचं, हेही मी दानूकडून घोकून घेतलं होतं. चुलीवर मटण रटरटत होतं. अधूनमधून पावलं दारापर्यंत यायची, "अरे, कुलूप हाय!" म्हणायची आणि परत फिरायची. प्रत्येक वेळी मी सुशीलेकडे विजयी मुद्रेनं बघायचो. ती कांदा चिरत राहायची.

मग खिडकीतून शेषरावांच्या बायकोचा आवाज आला. कोणीतरी विचारत होतं, शेषराव कुठी हायत?

"ते इंझोरीले गेले ना! आमच्या पोरीले पोरगं झालं! आताच सांगावा आला. गाडी जुतली अन् निघाले तसेच. उद्या येतीन."

तसेच म्हणजे बंडीसकट. आणि बंडीसकट म्हणजे किल्लीसकट!

"आता?" सुशीला.

"आता काय, उद्यापर्यंत निवांत," मी म्हणालो. तिनं पळी उचलली. तेवढ्यात दाराबाहेरच्या ओट्यावर कोणीतरी खोकलं आणि तिच्या हातातली पळी तशीच राहिली.

"माय वो! अप्पा!"

अप्पा म्हणजे माझे सासरे. मार्थाच्या बाप्तिस्म्याच्या जेवणात यांची पंगत बसेपर्यंत मटण संपलं आणि यांच्या ताटात नुसता रस्सा आला. म्हातारा भरल्या ताटावरून उठला. 'या माणसाच्या उंबरठ्याच्या आत पाय टाकीन त नाव सांगणार नाई,' असं म्हणून जो गेला, तो आठ वर्षं फिरकला नाही. दर नाताळाला सुशीला एक ताट जास्तीचं मांडायची आणि संध्याकाळी काही न बोलता उचलून ठेवायची. आजही ते मांडलेलंच होतं. आणि आज अप्पा आले होते!

"ते त अनसिंगले गेले, बाबा," गल्लीतली एक शेजारीण सांगत होती.

"अनसिंगले? बड्या दिनाले?" अप्पांचा आवाज खाली आला. "आठ वर्षांनी बुढा नाक मुठीत धरून आला, त दाराले कुलूप. जाऊ द्या. देवाच्याच मनात नाई. परतीची मोटार कवा हाय?"

"येईनच आता."

काठी टेकल्याचा आवाज आला. सुशीलेच्या डोळ्यांना धार लागली.

"मी हाक मारतो त्याइले," ती म्हणाली.

"अगं, लपून बसलो होतो हे कळलं तर अप्पा जन्मात तोंड बघणार नाहीत!"

"अन् आता गेले त येतीन काय पुन्हा?"

तिनं तोंड उघडलं. मी त्यावर हात ठेवला. ती कडकडून चावली! मी माझ्याच नियमाप्रमाणे कुजबुजत बोंबललो. एवढ्यात दानू दारापाशी गेला, फटीला तोंड लावलं आणि शिकवल्याप्रमाणे अगदी हळू आवाजात म्हणाला,

"आमी घरी नाई. आमी अनसिंगले गेलो."

काठी थांबली.

"भूत!" शेजारीण किंचाळली. "बंद घरात भूत हाय वो!"

"भूत मटन नाई शिजवत, बाई," अप्पा म्हणाले. "वास येऊन राह्यला."

"मंग चोर!"

बघता बघता ओट्यावर गल्ली जमली. काठ्या आल्या. मास्तरच्या घरात चोरायनं चूल मांडली म्हणे!

"अहो, मी मास्तर आहे!" मी ओरडलो.

"खोटं! मास्तर अनसिंगले हायत, शेषरावनं सोता सांगतलं! मास्तर असशीन त एकोणतीसचा पाढा म्हण!"

हा आवाज मी ओळखला. याच पाढ्यासाठी मी त्याच्या पोराला बाकावर उभं केलं होतं. मी सुरू केलं. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, त्रिक सत्त्याऐंशी, चोक... चोक... आणि आयुष्यात पहिल्यांदा माझी जीभ टाळ्याला चिकटली.

"चोरच हाय! फोडा दार!"

"अप्पा!" सुशीलेनं हंबरडा फोडला. "अप्पा, जाऊ नका!"

"व्हा बाजूले. हा माह्या सुशीचा आवाज हाय."

सब्बल, म्हणजे पहार, आली. म्हाताऱ्यानं एका घावात कोयंडा उचकटला. दार उघडलं. समोर अप्पा, त्यांच्यामागे काठ्या घेतलेली सगळी गल्ली. अप्पांचा पाय मात्र उंबरठ्याबाहेरच होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, चुलीकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "जवाईबापू, हे कुलूप माह्यासाठी होतं काय?"

पोरांना गोवर आलाय वगैरे काहीतरी सांगावं, असा मी विचार करत होतो, तेवढ्यात मार्था म्हणाली, "नाई आबाजी! तुमच्यासाठी नाई, या सगळ्या गल्लीसाठी होतं!"

धरणीमाता दुभंगेना. मग अप्पांच्या पोटातून कसलातरी आवाज सुरू झाला. म्हातारा हसत होता! हसता हसता ठसका लागला, सुशीला पाणी घेऊन धावली आणि त्या गडबडीत अप्पांचा पाय केव्हा आत आला, ते त्यांनाही कळलं नाही. त्यांची नजर एकदम त्या जास्तीच्या ताटावर गेली.

"सुशे," अप्पा डोळे पुसत म्हणाले, "मटन पुरीन काय या खेपेले?"

पुरलं. म्हणजे त्यांना पुरलं. करंज्या गल्लीनं संपवल्या आणि माझ्या ताटात आला नुसता रस्सा. मी भरल्या ताटावरून उठलो नाही. जाणार कुठे?

दुसऱ्या दिवशी शेषराव बर्फी घेऊन हजर. उचकटलेल्या कोयंड्याकडे बघत म्हणाले, "मास्तर, किल्ली आणली."

त्यानंतर अप्पा दर नाताळाला न चुकता आले. पुढच्याच वर्षी पोरांना कपडे आणले आणि मला सगळ्या गल्लीसमोर एक भेट दिली, नवं कोरं, भलं मोठं कुलूप. किल्ली मात्र शेवटपर्यंत त्यांनी स्वतःच्या कमरेला ठेवली.